बॅबिटच्या कामाला टॉर्चची टिप कोणती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या वर्कशॉपमधून, भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून आणि गिट्टी क्रशरवाल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बॅबिट म्हणजेच व्हाइट मेटल, बेअरिंगच्या आतल्या अस्तराचा मऊ धातू. हे अस्तर ज्या कठीण धातूच्या कवचाला धरलेलं असतं ते शेल. टिप म्हणजे गॅस टॉर्चच्या टोकाचं तांब्याचं नोझल. ‘भर टाकणं’ म्हणजे झिजलेल्या किंवा खड्डा पडलेल्या अस्तरावर बॅबिटची काडी वितळवून थर चढवणं.

१. भाऊ, एकच सांगा: भर टाकायला कोणत्या नंबरची टिप घेऊ?

नंबर २ लावून सुरुवात करा. बेअरिंग लहान असेल, किंवा काम ऑइल ग्रूव्हच्या धारेवर आणि पातळ कडेवर असेल तर नंबर १. शेल जाड आणि बोअर (आतला व्यास) १५० मि.मी.च्या पुढे असेल तर नंबर ३. नंबर ५ फक्त खोल खड्ड्यासाठी, तेही भक्कम शेलवर. त्याच्या वरची टिप भर टाकायला घेऊच नका.

नंबर बरोबर आहे का, हे बेअरिंगच सांगतं. ज्योत धरल्यावर ३ ते ५ सेकंदांत नखाएवढा भाग ओला होऊन चमकला तर टिप बरोबर. एका सेकंदात तिथे खड्डा पडला तर टिप मोठी. दहा सेकंद झाले तरी पृष्ठभाग कोरडाच आणि शेलची पाठ मात्र तापत चालली, तर टिप छोटी. छोटी टिप म्हणजे बिनधोक, हा समज चुकीचा आहे. ती वितळवू शकत नाही, म्हणून कारागीर ज्योत धरून बसतो आणि तेवढ्या वेळात सगळं बेअरिंग तापून अस्तराची पकड सुटते.

२. टिपवरचा नंबर म्हणजे नेमकं काय? माझ्या टिपांवर ०० आणि ००० लिहिलं आहे.

आपल्याकडच्या बहुतेक टिपांवर ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात: १, २, ३, ५, ७, १०, १३, १८, २५. हा आकडा म्हणजे त्या टिपमधून तासाला साधारण तेवढे घनफूट ॲसिटिलिन जळतं, आणि तितकाच ऑक्सिजन. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. म्हणून नंबर २ तासाला ५६ ते ६० लिटर घेते, नंबर ५ साधारण १४० लिटर आणि नंबर २५ सातशे लिटर. बॅबिटला किती कमी उष्णता पुरते, ते या आकड्यांतच दिसतं.

०००, ००, ०, १, २ ही अमेरिकन पद्धत आहे. तिच्यात नंबर भोकाच्या मापावर ठरतो आणि कंपनीगणिक थोडा बदलतो. साधारणपणे ००० चं भोक ०.५३ मि.मी., ०० चं ०.७१, ० चं ०.८९ आणि १ चं जवळपास १ मि.मी. बॅबिटला ००० ते ० पुरतात. दोन्ही पद्धतींतल्या ‘नंबर १’चा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून इतवारी बाजारात टिप घ्यायला जाताना नुसता नंबर सांगू नका. जुनी टिप आणि टॉर्च दोन्ही सोबत न्या, आटेही तिथेच बसवून पाहा.

३. ज्योत तर प्रत्येक टिपला तेवढीच गरम असते. मग छोट्या टिपने काय फरक पडतो?

ज्योतीचं तापमान खरंच सारखं असतं, न्यूट्रल (दोन्ही गॅस समप्रमाणात असलेल्या) ज्योतीला ३१०० अंश सेल्सिअसच्या आसपास. टिप बदलली की बदलतं ते उष्णतेचं प्रमाण आणि ती किती जागेवर पडते ते. चूल आणि उदबत्ती या दोघींच्या विस्तवाने चटका बसतो, पण भाकरी उदबत्तीवर भाजत नाही.

बॅबिटची अडचण त्याच्या पकडीत आहे. ८९ टक्के कथील, ७.५ टक्के अँटिमनी आणि ३.५ टक्के तांबं असलेलं बॅबिट २४१ अंशांना मऊ व्हायला लागतं आणि ३५४ ला पूर्ण पातळ होतं. पण शेल आणि बॅबिट यांना धरून ठेवणारी कल्हई कथलाची असते, आणि कथील २३२ अंशांनाच वितळतं. म्हणजे वरचा थर पातळ करायचा आणि त्याच वेळी काही मिलिमीटर खालची कल्हई घट्ट ठेवायची, असं हे काम आहे. उष्णता कमी जागेत, कमी वेळ आणि पटकन काढून घेता येईल अशी हवी. ते छोट्या टिपनेच जमतं.

४. माझ्याकडे नंबर ७ ची टिप आहे. व्हॉल्व्ह आवळून ज्योत बारीक केली तर चालेल ना?

नाही. सर्वांत जास्त बेअरिंगं याच सवयीने वाया जातात. प्रत्येक टिपच्या भोकातून गॅस ठरावीक वेगाने बाहेर पडावा लागतो. व्हॉल्व्ह आवळला की वेग घटतो, ज्योत टिपच्या तोंडाशी चिकटून जळते, टिप तापते आणि ज्योत आत शिरून ‘फट्’ करते. पोलादावर त्याने फारसं बिघडत नाही. बॅबिटवर त्या एका फटक्याने पातळ धातू उडतो, आणि तो तुमच्या हातावर किंवा शेजारच्या तयार पृष्ठभागावर पडतो.

ज्योत बारीक हवी तर व्हॉल्व्हला हात लावू नका, टिप बदला. नंबर १, २, ३ आणि ५ अशा चार टिपा पेटीत असल्या की बॅबिटचं जवळपास सगळं काम निघतं.

५. रेग्युलेटरवर दाब किती ठेवायचा?

नंबर १ ते ५ साठी दोन्ही गॅसचा दाब सुमारे ०.१४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे २ पीएसआय पुरतो. साध्या रेग्युलेटरच्या काट्यावर एवढा कमी दाब नीट वाचता येत नाही. म्हणून ॲसिटिलिन पेटवून काजळी जेमतेम थांबेपर्यंत उघडा आणि मग ऑक्सिजन सोडा. दाब जास्त झाला की ज्योत फुसफुसते, टणक होते आणि वितळलेल्या थेंबाला ढकलत नेते. आवाज जवळपास येऊ नये, इतकी ती मऊ हवी.

ॲसिटिलिनचा दाब कुठल्याही कामाला १ किलोच्या वर नेऊ नका. १५ पीएसआयच्या पुढे हा गॅस स्वतःच विघटित होऊन स्फोट पावू शकतो.

६. ज्योत न्यूट्रल ठेवू की कार्बनवाली?

न्यूट्रल, किंवा त्याहून किंचित ॲसिटिलिन जास्त. आतल्या पांढऱ्या सुळक्याच्या टोकाला फिकट पिसासारखा भाग जेमतेम दिसला पाहिजे. पीस सुळक्याच्या दीडपट झालं की खूप झालं.

ऑक्सिजन जास्त असेल तर कथील आणि अँटिमनी जळून राखाडी मळी धरते. ती मळी दोन थरांच्या मध्ये अडकली की तिथून पुढे तडा जातो. उलट पीस फार लांब असेल तर काजळी बसते, आणि काजळीवर बॅबिट चिकटत नाही. जळलेला थर खडबडीत, मळकट दिसतो, तर बरोबर ज्योतीचा थर गार झाल्यावरही चांदीसारखा पांढरा राहतो.

७. टिप किती लांब धरायची? हात कसा चालवायचा?

पोलादाच्या वेल्डिंगमध्ये सुळका धातूपासून २-३ मि.मी.वर असतो. इथे तो १० मि.मी. तरी लांब ठेवा आणि ज्योत सरळ खाली न धरता ३० ते ४५ अंशांत तिरपी धरा.

आधी जागा खरवडून चकचकीत करा. खड्ड्यात तेल मुरलेलं असेल तर हलक्या ज्योतीने बाहेर काढा, पुसा, पुन्हा खरवडा. बेअरिंग १०० अंशांच्या जरा वर आणा, पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरून उडेल इतकं. मग नखाएवढा भाग ओला करा, काडी त्या ओल्या भागाला टेकवा आणि थेंब मिसळला की ज्योत झटक्यात वर उचला. धातू गोठला की पुढचा थेंब आधीच्या थेंबावर एक तृतीयांश चढवून टाका. काडी ज्योतीत वितळवून थेंब खाली पाडू नका. खालचा पृष्ठभाग ओला नसेल तर तो थेंब नुसता बसतो, जुळत नाही.

एका थराची जाडी ३ मि.मी.पर्यंत. दोन थरांच्या मध्ये पोलादी तारेच्या ब्रशने मळी काढा. मशीनिंगसाठी दीड-दोन मि.मी. जास्त चढवा, आणि शेलची पाठ फार तापत चालली की काम थांबवा.

८. ओतकामाआधी (शेलमध्ये नवं बॅबिट ओतण्याआधी) शेल तापवायला कोणती टिप?

एका भोकाची टिप नकोच. तिने शेलचा एक ठिपका लाल होतो आणि दुसरी बाजू थंड राहते. अनेक भोकांचं हीटिंग नोझल लागतं, किंवा एलपीजीचा साधा बर्नर. आमचा कल बर्नरकडे आहे. शेल २३०-२६० अंशांपर्यंत न्यायचा असतो आणि त्याला ऑक्सिजनची गरजच नाही. सोबत साचा आणि मँड्रेलही (मधला गोल दांडा) तापवा, नाहीतर धातू शेलऐवजी मँड्रेलकडून आधी गोठतो.

ॲसिटिलिनवर हीटिंग नोझल चालवायचंच असेल तर सिलिंडरचा हिशेब करा. ॲसिटिलिन सिलिंडरमध्ये ॲसिटोनमध्ये विरघळलेलं असतं. तासाला सिलिंडरमधल्या गॅसच्या सातव्या भागापेक्षा जास्त ओढलं तर ॲसिटोनही बाहेर येऊ लागतं. ६ घनमीटरच्या सिलिंडरला ही मर्यादा साधारण ८५० लिटर पडते, आणि मध्यम हीटिंग नोझल तासाला हजार लिटरच्या वर सहज जातं. अर्धा संपलेला सिलिंडर असेल तर मर्यादाही अर्धी. मग दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर (एकाच जोडनळीवर) जोडावे लागतात.

९. कल्हई करताना कोणती टिप आणि ज्योत कुठे मारायची?

नंबर ५ ते १०, शेलच्या आकाराप्रमाणे, आणि ज्योत शेलच्या पाठीवर. कल्हईच्या बाजूवर थेट ज्योत मारली की फ्लक्स (कथील धरावं म्हणून लावायचं रसायन) जळून काळा पडतो आणि तिथे कथील धरत नाही. पाठीवरून तापवा, आतून झिंक क्लोराइडचा किंवा नवसागराचा फ्लक्स लावा, कथलाची काडी घासा. काडी ज्योतीशिवाय, नुसत्या शेलच्या उष्णतेने वितळली पाहिजे. मग स्वच्छ सुती चिंधीने पुसून घ्या. भांड्याच्या कल्हईसारखा अखंड आरसा दिसला पाहिजे, काळा ठिपका राहिला तर तेवढं खरवडून पुन्हा करा. कल्हई पिवळसर-निळी झाली तर ती जास्त तापली आहे.

१०. शेल पोलादाचा, बिडाचा की ब्रॉन्झचा, यावर टिप बदलते का?

भर टाकताना फारशी नाही, कल्हईला आणि तापवण्याला बदलते. ब्रॉन्झ उष्णता पटकन ओढून घेतो, म्हणून एक नंबर मोठी टिप किंवा आधी नीट तापवणं. पण ब्रॉन्झ कल्हईच्या तापमानाला फार वेळ ठेवू नका. त्यातलं तांबं आणि कथील मिळून ठिसूळ थर धरतो आणि पुढे अस्तर तिथूनच सुटतं.

बिडात ग्रॅफाइट असतं, त्यावर कल्हई नीट धरत नाही. म्हणून क्रशरच्या आणि जुन्या लाइन शाफ्टच्या बिडाच्या बेअरिंगमध्ये कबुतरशेपटीसारख्या खाचा दिसतात. तिथे बॅबिट चिकटलेलं नसतं, खाचांत अडकलेलं असतं. अशा शेलला टॉर्च लावायची ती ओल आणि मुरलेलं तेल काढायला.

११. कथलाचं बॅबिट आणि शिशाचं बॅबिट, दोन्हीला एकच टिप?

शिशाच्या बॅबिटला एक नंबर लहान घ्या. ७५ टक्के शिसं, १५ अँटिमनी, १० कथील या मिश्रणाचं मऊ होणं आणि पूर्ण पातळ होणं यात ३० अंशांहूनही कमी अंतर आहे, साधारण २४० ते २६८. कथलाच्या बॅबिटमध्ये हेच अंतर शंभराच्या वर असतं, त्यामुळे ते आधी लोण्यासारखं मऊ होऊन इशारा देतं. शिशाचं बॅबिट एकदम पाणी होऊन वाहतं. शिवाय ते उष्णता हळू पसरवतं, म्हणून ती एका जागी साचते.

काडी मूळ अस्तराच्याच जातीची हवी. कथील आणि शिसं एकत्र आले की १८३ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होतं, आणि भर टाकलेली जागा सगळ्यांत आधी मऊ पडते. ओळखायला छोटा तुकडा घेऊन घनता काढा: कथलाचं ७.५ च्या आत, शिशाचं साडेनऊच्या वर. शिशाचा तुकडा पांढऱ्या कागदावर ओढला तर करडी रेघही उमटते. नवीन धातू घेताना आयएस २५ या भारतीय मानकानुसार घटकांचं प्रमाणपत्र मागा.

१२. टॉर्च काहून फटफटते?

व्हॉल्व्ह आवळून मोठी टिप वापरणं हे पहिलं कारण (प्रश्न ४). बाकीची: टिप धातूला टेकणं, शेलच्या आतल्या कोपऱ्यात परतणाऱ्या उष्णतेने टिप तापणं, टिपचं नट ढिलं असणं, भोकात बॅबिटचा कण अडकणं. अर्धगोल शेलमध्ये काम करताना तापणं फार होतं, म्हणून लांब मानेची टिप घ्या.

एकदा फट् झालं तर विझवा, कारण शोधा, मग पेटवा. पण ज्योत आत शिरून शिट्टीसारखा सतत आवाज आला तर आधी ऑक्सिजन बंद, लगेच ॲसिटिलिन बंद, आणि टॉर्च पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे जाऊ न देणारं साधन) नसेल तर कामाला सुरुवातच करू नये.

१३. टिपच्या तोंडाला बॅबिट चिकटतं. कसं काढू?

कथील तांब्याला लगेच धरतं, म्हणून टिपचं टोक स्वतःच कल्हई झाल्यासारखं पांढरं होतं. तसंच वापरत राहिलं तर कथील तांबं खातं आणि भोकाची कड गोल होते. टिप काढा, थोडी तापवून कोरड्या चिंधीने पुसा. भोकात भोकापेक्षा एक माप बारीक क्लीनर सरळ आत-बाहेर करा, फिरवू नका. सेफ्टी पिन, ड्रिल किंवा पोलादी खिळा घालू नका. शेवटी तोंड बारीक कानशीने सपाट करा. यानंतरही ज्योत एका बाजूला झुकत असेल किंवा सुळका दुभंगत असेल तर ती टिप बदला.

१४. ॲसिटिलिनची टिप एलपीजीवर चालेल का?

नाही. एलपीजी हळू जळतो, साध्या ॲसिटिलिन टिपवर त्याची ज्योत तोंडापासून सुटून विझते. त्याला तोंड आत खोलगट असलेलं वेगळं नोझल लागतं. तापवायला एलपीजी उत्तम (प्रश्न ८), पण भर टाकायला त्याची ज्योत पसरट पडते.

१५. भर टाकल्यावर सगळं अस्तरच पोपड्यासारखं निघालं. टिपची चूक का?

बहुतेक वेळा हो, पण टिप छोटी होती की मोठी ते पाहा. निघालेल्या अस्तराची पाठ गुळगुळीत, चमकदार असेल तर कल्हई वितळून पकड सुटली, म्हणजे उष्णता जास्त वेळ दिली. पाठ काळी किंवा गंजकट असेल तर मुळातच कल्हई धरली नव्हती, त्यात टॉर्चचा दोष नाही. फक्त नवी भर सुटली आणि जुनं अस्तर जागेवर असेल, तर खालचा पृष्ठभाग ओला न करताच काडी टाकली होती.

काम संपल्यावर तपासणी करा. बेअरिंग रॉकेलमध्ये काही तास बुडवा, कोरडं पुसा, बॅबिट आणि शेलच्या जोडावर खडू फासा आणि अस्तर दाबा. खडू ओला झाला तिथे पकड नाही.

१६. कोणत्या बेअरिंगवर भर टाकूच नये?

अस्तर दीड मि.मी.पेक्षा पातळ असेल, आधीच पकड सुटलेली असेल, किंवा झीज अर्ध्याहून जास्त जागेवर असेल तर जुनं बॅबिट काढून नव्याने ओता. आतलं वितळवून काढायचं असेल तर नंबर १० च्या पुढची टिप शेलच्या पाठीवर चालते, कारण तिथे पकड वाचवायची नसते. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइन किंवा मोठ्या पंख्याच्या बेअरिंगवर ठिगळ लावू नका. तिथे सेंट्रिफ्युगल पद्धतीने (शेल फिरवत ठेवून) ओतून पकडीची अल्ट्रासॉनिक तपासणी करणंच योग्य.

१७. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काय वेगळं करायचं?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सिलिंडर सावलीत आणि उभे ठेवा. कूलरचा झोत कामावर घेऊ नका. छोटी ज्योत डगमगते, टिप मोठी करण्याचा मोह होतो, आणि दमट हवेने काड्यांवर ओल धरते. झोत बाजूला वळवा, धूर मात्र बाहेर गेला पाहिजे, कारण त्यात शिसं आणि अँटिमनी असू शकतं. पावसाळ्यात काड्या आणि पळी वापरण्याआधी तापवून कोरड्या करा. ओल्या काडीने पातळ बॅबिट उडतं. सिलिंडर साठवण्याचे नियम ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ मध्ये आहेत, आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’चं (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय नागपुरातच आहे.

१८. चष्मा किती काळा घेऊ?

शेड ३ किंवा ४. बॅबिट वितळताना लाल होत नाही, फक्त ओलं चमकतं. गडद काचेतून ती चमक दिसत नाही आणि धातू वाहून गेल्यावरच कळतं.

१९. नळी फुटली. तांब्याचा तुकडा घालून जोडू का?

ॲसिटिलिनच्या नळीत तांब्याचा पाइप कधीही घालू नका. शुद्ध तांबं आणि ॲसिटिलिन मिळून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. टिप तांब्याची असली तरी तिथून गॅस सतत वाहतो आणि स्पर्श क्षणभराचा असतो. नळीच्या जोडात तो दिवसभर साचून राहतो. या कामासाठी बनवलेला पितळी जॉइंटर आणि क्लिप लावा, साबणाचं पाणी फासून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहा, आणि नळीला चिरा असतील तर नळीच बदला.